तळहाताला विचारून

पाठ टेकून बसा. उजवा हात मांडीवर उताणा ठेवा आणि बोटे सैल सोडा. केटलबेल घ्यायची हे ठरले आहे, पण बिडाची की पोलादी, रंगवलेली की व्हिनाइलच्या कवचाची, एकाच वजनाची की वजन बदलता येणारी, इथे मन अडले आहे. थोडा वेळ किमती आणि छायाचित्रे बाजूला ठेवू. या मननाला रिकामा हात पुरतो, कारण केटलबेल अंगाला भिडते ती मुख्यतः दोनच जागी: तळहाताला आणि मनगटाच्या वरच्या भागाला. त्या दोन जागांना विचारल्याशिवाय निवड करू नये, असे मला मनापासून वाटते.

आधी तळहात. चारही बोटांच्या मुळाशी जी मांसल कड आहे, तिच्यावरून डाव्या हाताचा अंगठा हळू फिरवा. घट्टे पडतात ते इथे. स्विंग करताना, म्हणजे वजन पायांमधून झुलवताना, हँडल या कडेच्या जरा पुढे, बोटांच्या आकड्यात लटकलेले असते. आता अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातून निघून करंगळीखालच्या उशीपर्यंत एक तिरपी रेषा ओढा. वजन डोक्यावर पेलताना हँडल या रेषेवर विसावते आणि मनगट सरळ राहते. स्नॅचमध्ये, म्हणजे वजन खालून एका दमात डोक्यावर नेताना, ते प्रत्येक फेरीत पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागी जाते आणि खाली येताना परत पहिल्या जागी. एक सावकाश श्वास घ्या आणि हे येणे-जाणे डोळ्यांपुढे आणा. लोखंड हातात गप्प राहत नाही, कातडीवरून सरकत असते. हँडलची जाडी, त्याचा गुळगुळीतपणा, त्यावरचा रंग यांचा विचार करायचा तो या सरकण्यासाठी.

केटलबेलची मोठी घराणी दोन. पहिले बिडाचे: एकसंध ओतलेले, तुलनेने स्वस्त, बहुतेक जिममध्ये दिसते ते. इथे वजन वाढले की सगळेच वाढते. गोळा मोठा होतो, हँडल जाड होते, त्याची कमान रुंदावते. दुसरे घराणे स्पर्धेचे, पोलादी. तिथे केटलबेल 8 किलोची असो की 32 किलोची, उंची साधारण 28 सेंटिमीटर, गोळ्याचा व्यास 21 सेंटिमीटर आणि हँडलची जाडी 33 किंवा 35 मिलिमीटर. बाहेरून सगळ्या सारख्या, हलकी असेल ती आतून पोकळ. वजन ओळखायचे ते रंगावरून: 16 ची पिवळी, 24 ची हिरवी, 32 ची लाल.

हा सारखेपणा का, यावर जरा रेंगाळू. केटलबेल मूळची रशियाची. तिथल्या बाजारात धान्य तोलण्याची मापे पुडात असत. एक पूड म्हणजे 16.38 किलो. आजची 16, 24 आणि 32 किलोची केटलबेल म्हणजे जवळपास त्याच एक, दीड आणि दोन पुडांचे वजन. जत्रेत आणि सर्कशीत ताकदीचे खेळ करणाऱ्यांनी ती हाताळली. सेंट पीटर्सबर्गमध्ये डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी 1885 मध्ये वजन उचलण्याच्या व्यायामाचे मंडळ काढले. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, 1985 मध्ये, लिपेत्स्क शहरात केटलबेल उचलण्याची सोव्हिएत संघाची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. या खेळाचा नियम मनात घोळवावा असा आहे: वेळ दहा मिनिटे, आणि तेवढ्यात वजन खाली ठेवायचे नाही. विसावा हवा तर वजन हातात असतानाच घ्यायचा, कोपर कमरेच्या हाडावर टेकवून किंवा हात डोक्यावर ताठ करून.

डोळे मिटा आणि ती पहिली विश्रांती अनुभवून पाहा. कोपर पोटाशी आणा, थोडे खाली सरकवा, कमरेच्या हाडाचा काठ शोधा. काहींचे कोपर तिथे पोचतच नाही, त्याने बिघडत नाही. गोळा दंड आणि मनगटाचा वरचा भाग यांच्या खोबणीत बसला आहे, खांदा सैल आहे, श्वास चालू आहे. आता याच जागी गोळ्याचा आकार बदलला असे समजा. टेकण्याचा कोन बदलेल, भार बसण्याची जागा बदलेल, श्वास कुठे अडतो तेही बदलेल. खेळाडू 16 वरून 24 वर जातो तेव्हा हे सगळे नव्याने शिकावे लागू नये, म्हणून माप एकच ठेवले आहे. तुमच्या मनात असा लांब, न थांबता चालणारा, एका हाताचा सराव असेल, तर पोलादी घराण्याकडे मन झुकू द्या. त्यासाठी जास्त पैसे मोजणे मला रास्त वाटते.

आता मनगट. करंगळीच्या बाजूला हाडाचा उंचवटा बोटांना लागेल. तिथून दोन-तीन बोटे कोपराकडे सरका, मांसल भाग सुरू होतो. बिडाची 8 किलोची केटलबेल आकाराने लहान असते. हात वर धरला की तिचा गोळा उंचवट्याच्या जवळच, थोड्याशा जागेवर टेकतो आणि तिथे खुपतो. स्पर्धेच्या केटलबेलचा मोठा गोळा जरा वर, मऊ भागावर पसरून बसतो. हलक्या वजनाने प्रेस (खांद्यापासून डोक्यावर ढकलणे) किंवा गेट-अप (वजन वर धरून आडवे असताना उठणे) शिकणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. हातावर निळे डाग पडले की मात्र दर वेळी वस्तूला दोष देऊ नये. वजन हाताभोवती वळवून आणण्याऐवजी वरून आदळू दिले, तर कोणत्याही घराण्याची केटलबेल लागतेच.

हात मोकळे करा, खांदे एकदा मागे फिरवा.

आता दोन्ही हात गुडघ्यांमधून खाली सोडा आणि मधोमध एक हँडल धरल्याची कल्पना करा. घरी व्यायाम करणाऱ्या बहुतेकांचा पहिला व्यायाम हाच, दोन हातांचा स्विंग. पंधरा लिटरची भरलेली बादली उचलताना जो भार जाणवतो, साधारण तोच 16 किलोचा. पण बादली आपण जपून नेतो आणि ही खुब्याच्या झटक्याने पुढे फेकायची असते, हात नुसते दोरासारखे. डंबेलचे वजन पकडीच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले असते, केटलबेलचे पकडीच्या बाहेर असते. मुद्गल फिरवलेल्या माणसाला हे चटकन उमगेल, कारण तिथेही भार मुठीत नसून मुठीपासून दूर असतो आणि शरीर त्याच्या ओढीशी जुळवून घेते.

या चित्रात तुमच्या करंगळ्या कुठे आहेत ते पाहा. बिडाच्या रुंद कमानीत दोन्ही हात शेजारी मावतात. स्पर्धेच्या चौकोनी, अरुंद हँडलमध्ये करंगळ्या कोपऱ्यांवर दाबल्या जातात किंवा बोटे एकमेकांवर चढतात. तळवे मोठे असतील तर जास्तच. शिवाय 21 सेंटिमीटरचा गोळा मांड्यांमधून मागे जायला हवा. लहान चणीच्या माणसाला 12 किलोसाठी एवढा मोठा गोळा पायांत अडचण वाटतो, तिथे बिडाची आटोपशीर केटलबेल सुखाची. स्विंग, हँडलच्या दोन्ही बाजू धरून छातीशी वजन घेतलेल्या बैठका आणि एका हाताने ओढणे, एवढाच सराव करायचा असेल तर बीडच घ्यावे, हे माझे ठाम मत आहे.

पृष्ठभागाकडे वळू. चकचकीत रंगाचे हँडल दुकानात देखणे दिसते आणि घामाने निसटते. पावडर कोटिंगचा किंचित खरखरीत थर हाताला धरवतो, त्यावर जिमचा खडूही टिकतो. स्पर्धेच्या केटलबेलचे हँडल बहुधा उघडे पोलाद असते. ते तळहातात सहज फिरते, खडू चांगला धरते, पण गंजते. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यातली हवा आठवा. प्रत्येक सरावानंतर कोरड्या फडक्याने पुसणे आणि अधूनमधून तारेच्या ब्रशने हलका गंज काढणे जमेल का, हे स्वतःला विचारा. उत्तर नाही असे आले तरी काही हरकत नाही, कोटिंग असलेली घ्या.

आणि हँडलच्या खालच्या बाजूने अंगठा फिरवल्याशिवाय बिडाची केटलबेल घेऊ नका. साच्याच्या दोन भागांची जोडरेषा तिथे राहून गेलेली असते. ती नीट घासलेली नसेल तर काही दिवसांत कातडी सोलवटते. बारीक असेल तर घरी पॉलिश पेपरने घासता येते, धारदार असेल तर परत ठेवा. पोलादी घेत असाल तर गोळाही हलवून पाहा. आत काही खुळखुळले तर ती नको, दर फेरीत भार आत हलत राहील.

व्हिनाइलच्या कवचाच्या केटलबेलबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फरशी वाचते, पण कवचामुळे गोळा उगाच फुगतो आणि पुढे ते चिरते. फरशीची काळजी असेल तर खाली रबरी मॅट घालणे बरे. वजन बदलता येणारी केटलबेल लहान घरात खरोखर उपयोगी पडते. दोन अटी पाळा: प्रत्येक वेळी कुलूप पक्के बसले आहे हे हाताने तपासायचे आणि ती कधी आपटायची नाही.

वजनाचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला. स्विंगसाठी नवख्या पुरुषांना 16 आणि स्त्रियांना 8 किलोपासून सुरुवात सुचवली जाते. अंगात आधीपासून ताकद असलेल्या स्त्रिया 12 वरून सुरू करतात. पण जे वजन दोन हातांनी सहज झुलते ते एका हाताने डोक्यावर जाईलच असे नाही. पहिली केटलबेल कोणत्या कामासाठी हे आज बसल्या जागी ठरवा: झुलवण्यासाठी की डोक्यावर नेण्यासाठी?

उत्तर आले असेल तर एक पाऊल पुढचे पाहा. काही महिन्यांनी दुसरी लागेल. पोलादी घेतली असेल तर दुसरी कोणत्याही चांगल्या कंपनीची चालेल, मापे बहुतेक तीच असतात. बिडाची घेणार असाल तर आजच चौकशी करून ठेवा, त्याच कंपनीची पुढच्या वजनाची केटलबेल मिळते का आणि तिचे हँडल किती जाड आहे. शक्य असेल तर तीही एकदा हातात धरून पाहा, मगच पहिलीचे पैसे द्या.