आजचं चिंतन : हजार तासांचं कौशल्य (गीता 2.50)

आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला पन्नासावा. योग म्हणजे कर्मातलं कौशल्य, असं भगवंत त्यात सांगतात. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींना तो पाठ असेल, आयआयटी खरगपूरचं तर ते बोधवाक्यच आहे. कॉलेजात असताना मी त्याचा सोपा अर्थ लावला होता : काम झकास करा, झाला योग!

आज वाचताना मात्र अडखळलो. काम झकास केलं, पण वस्तू लवकर संपावी हेच ते काम असेल तर?

असं खरोखर घडलंय. डिसेंबर 1924 मध्ये जिनिव्हात ऑसराम, फिलिप्स अशा बड्या बल्ब कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ‘फीबस’ नावाचा गट केला. बाजार वाटून घेतला आणि घरगुती बल्बचं आयुष्य 1000 तास ठरवलं. त्याआधी 1500 ते 2000 तास चालणारे बल्ब मिळत होते. कारखान्यांनी नमुने स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत तपासणीला पाठवायचे, आणि बल्ब फार जास्त टिकला तर दंड भरायचा. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत हे चाललं.

कंपन्यांचा युक्तिवाद होता की तंतू जास्त तापवला तर उजेड जास्त मिळतो आणि आयुष्य घटतं. हे विज्ञान खरंच आहे. पण मग जास्त टिकणाऱ्या बल्बला दंड कशाला? कमी उजेडाचा पण टिकाऊ बल्ब हवा की नको, हे गिऱ्हाइकालाच ठरवू द्यायचं होतं ना!

मग नफाच वाईट म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडे सरकारी घाऊक खरेदीत एलईडी बल्बचा भाव 2014 साली 310 रुपये होता, तो 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. मोठी मागणी होती, टेंडरसाठी कंपन्यांमध्ये चुरस होती, आणि गरिबाच्या घरी स्वस्त उजेड पोचला. तेव्हाही कंपन्या नफ्यासाठीच काम करत होत्या. फीबसने तीच चुरस मोडून टाकली आणि हुशार माणसांची हुशारी गिऱ्हाइकाच्या विरुद्ध कामाला लावली.

त्या प्रयोगशाळेतले लोक नक्कीच कुशल होते. बरोब्बर हजार तासांनी विझणारा बल्ब बनवणं सोपं नाही. मग तो योग झाला का?

याचं उत्तर आसपासच्या श्लोकांत मिळतं. आधीच्याच, 49 व्या श्लोकात फळावर डोळा ठेवून काम करणाऱ्यांना भगवंत ‘कृपण’ म्हणतात. आणि शंकराचार्य आपल्या भाष्यात ‘कौशल्य’ म्हणजे काय ते सांगतात : चित्त ईश्वराला अर्पण करून, यश येवो की अपयश, बुद्धी सम ठेवणं. म्हणजे हाताची सफाई पुरेशी नाही. ते काम देवापुढे ठेवता आलं पाहिजे.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. फिल्टर कधी बदलायचा हे सांगणारा लाल दिवा माझ्याकडे होता. आमच्या चाचणीत फिल्टर बारा महिने नीट चालत होता. वरून निरोप आला, ‘नऊ करा.’ कारण दिलं सुरक्षिततेचं. फिल्टर जुना होतो हे खरंच, त्यामुळे वाद घालायला जागा कमी होती. मी एक आकडा बदलला. दोन मिनिटांचं काम.

तेच मशीन मी स्टाफ डिस्काउंटमध्ये आईला घेऊन दिलं होतं. एक दिवस तिचा फोन आला, ‘अरे, लाल दिवा लागला होता. माणूस येऊन फिल्टर बदलून गेला. अडीच हजार झाले.’ मी म्हटलं, ‘आई, थांबायचंस ना थोडं.’ ती म्हणाली, ‘दिवा लागला म्हणजे बदलायलाच हवा ना रे?’

मला काही बोलता आलं नाही.

तेव्हा मी मनाची समजूत घातली होती ती गीतेच्याच नावाने. आपण कर्म करायचं, फळाची चिंता करायची नाही! पण मित्रांनो, फळाची आसक्ती सोडा असं सांगताना भगवंत माझा पगार, माझं अप्रेझल यांची आसक्ती सोडायला सांगतात. आईच्या अडीच हजारांकडे डोळेझाक कर असं ते कुठेच म्हणत नाहीत. मी नेमकं उलटं केलं होतं.

गोरोबाकाकांची गोष्ट आठवते? मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने सगळ्या संतांची डोकी थापटून पाहिली आणि साक्षात नामदेवांनाही ‘कच्चं मडकं’ ठरवलं. भीड धरली नाही. मडकं कच्चं असेल तर ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फुटणार, हे कुंभाराला पक्कं ठाऊक असतं.

आता मी दुसऱ्या टीममध्ये आहे. गेल्या महिन्यात तसाच एक आकडा पुन्हा समोर आला. या वेळी मी लेखी विचारलं, ‘हा आकडा कुठल्या चाचणीतून आला?’ उत्तर अजून आलेलं नाही. अप्रेझल जवळ आलंय, भीती वाटते. पण तो आकडा मी अजून बदललेला नाही.

आजचा संकल्प : आज जे काम हातावेगळं कराल, ते पाठवण्याआधी एकदा थापटून बघा. हे विठ्ठलापुढे ठेवता येईल का? आणि आईच्या घरी?

राम कृष्ण हरी!