धूर जातो कुठे?

काठमांडूला मी हिमालय बघायला गेलो होतो. जानेवारीतले चार दिवस. रोज सकाळी गेस्ट हाउसच्या गच्चीवर जायचो. समोर राखाडी पडदा आणि घशात खवखव. मालक शांतपणे म्हणायचे, "एक पाऊस पडू द्या, मग दिसेल."

काठमांडू साधारण १३०० मीटर उंचीवरच्या एका वाटीत वसलंय. शिवपुरी, फुलचोकी, चंद्रागिरी असे डोंगर चहूबाजूंनी. हिवाळ्याच्या रात्री उतारावरची थंड, जड हवा खाली येऊन तळाशी साचते. तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. गाड्या, वीटभट्ट्या, जाळलेला कचरा, सगळ्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन तापलं की मगच तो थोडा सुटतो.

"बिचारे, जागाच अशी मिळाली," असं मला वाटलं. मग मुंबई आठवली. धूर तिथेही निघतो, पण समुद्रावरचा वारा तो बऱ्याचदा उचलून नेतो. आपण म्हणतो, आज हवा चांगली आहे. वागणं तेच, सायलेन्सर तोच. एका शहरात गुन्हा दिसतो, दुसऱ्यात उडून जातो. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये याच कोड्यावर लिहिलं होतं. त्याला 'नैतिक नशीब' म्हणतात. परिणाम आपल्या हातात नसेल, तर दोष कशावरून ठरवायचा?

मला वाटतं, दरी दोष वाढवत नाही. ती फक्त तो लपवायला नकार देते. पण मग सगळं भूगोलावर ढकलायचीही सोय उरत नाही.

हे खोरं एकेकाळी तळं होतं, असं भूगर्भशास्त्र सांगतं. दंतकथा सांगते की मंजुश्रीने चोभारजवळ तलवारीने डोंगर कापला आणि पाणी वाहून गेलं. बागमती आजही तिथूनच बाहेर पडते. तळ्याच्या गाळाने सुपीक शेतं दिली. भूकंपात घरांखाली हलतो तोही हाच मऊ गाळ. जागा जे देते त्याची किंमतही घेते. तरी त्या कथेतला माणूस डोंगरापुढे हात जोडून बसत नाही, हे मला आवडतं. १९९९मध्ये काठमांडूने धूर ओकणाऱ्या डिझेलच्या विक्रम टेम्पोंवर बंदी घातली, त्यांच्या जागी विजेवरचे सफा टेम्पो धावू लागले. धूर संपला नाही. पण डोंगर तेच असताना काहीतरी बदलता आलं.

शेवटच्या दिवशी टॅक्सी करून नगरकोटला गेलो. खोऱ्याच्या काठावर, धुराच्या वर. शिखरं दिसली, स्वच्छ, पांढरी. मनसोक्त फोटो काढले आणि मग मागे वळून खाली पाहिलं. वाटी काठोकाठ भरली होती. त्यात आम्ही वर येताना सोडलेला धूरही होता, आणि तो श्वासात घेणारे सगळे खाली होते.