सकाळचा तास कोणाचा

पन्नाशीच्या उंबरठ्यावर धावायला सुरुवात केली की शरीर आधी वेगाबद्दल खरं बोलायला लावतं. नवशिक्यासाठी कसोटी साधी आहे : धावताना सोबतच्या माणसाशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली तर वेग जास्त झाला. माझा तो वेग भरभर चालण्याहून जेमतेम अधिक आहे. मिनिटभर धावायचं, दोन मिनिटं चालायचं, पुन्हा धावायचं. पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सत्तरीतली माणसं मला सहज मागे टाकतात.

एकटा असतो तेव्हा हा संथपणा मला मनापासून आवडतो. मागून पावलं वाजली की मात्र पाय आपोआप भरभर पडू लागतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला, म्हणून धावायला लागलो, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. तेव्हा कारण खोटं नाही. पण मग अनोळखी माणसासमोर वेग वाढवून कोणती साखर कमी होते? ऑफिसात गेली कित्येक वर्षं लोक मला विचारून काम करतात. जिथे मला काहीच येत नाही अशी जागा आयुष्यात मी उरूच दिली नव्हती. वेळ मिळत नाही, हे कारण त्यासाठी फार सोयीचं होतं.

धाप काही आठवड्यांत आटोक्यात येते. हाडांना आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना नवा भार पेलायला महिने लागतात. त्यामुळे नेमका हुरूप वाढतो तेव्हाच नडगी ठणकते. यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या साताऱ्याच्या अर्धमॅरेथॉनमध्ये, म्हणजे २१ किलोमीटरच्या शर्यतीत, नाव घालावं असं याच दिवसांत वाटू लागतं. तो मोह आरोग्याचा नाही, हे मला ठाऊक आहे.

मन खरं अडतं ते दुसरीकडेच. बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत धावल्या. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे होते. त्यांच्यावर चित्रपट आला, लोकांनी कौतुक केलं, मीही केलं. पण त्यांचं नाव मी माझ्या धावण्याशी जोडू शकत नाही. त्यांचं धावणं घरासाठी होतं. माझं धावणं घरच्यांच्या जिवावर चाललं आहे. मी टेकडीवर असतो तेव्हा बायको कणीक मळते, डबे भरते, आईला गोळ्या देते आणि आठच्या लोकलसाठी निघते. मी घामाघूम होऊन परततो आणि घरात माझ्या शिस्तीचं कौतुक होतं. तिच्या पहाटेच्या उठण्याला आमच्या घरात कुणी कधी शिस्त म्हटलेलं नाही. मीही नाही.

तिला विचारलं, ‘तू येतेस का टेकडीवर?’ ती म्हणाली, ‘मला टेकडी नको. सात वाजेपर्यंत झोपू दे एखाद दिवस.’

नवशिक्यानं रोज धावू नये, मधला दिवस विश्रांतीचा ठेवावा, असं जाणकार सांगतात. त्या दिवसांचे डबे आणि आईच्या गोळ्या आता माझ्याकडे आहेत. पोळ्या जाडसर होतात, भाजी बरी होते. ती झोपते. मला बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचाच संशय येतो. ते दिवस तसेही माझ्या धावण्याचे नव्हतेच. मला ज्याची गरज नव्हती तेच मी तिला दिलं.

धावण्याच्या दिवशी आईचा रक्तदाब वाढल्याचं निमित्त झालं, किंवा बायकोचं ऑफिसला लवकर जाणं निघालं, तर मी बूट न घालता थांबतो का? थांबतो. पण आतून चरफडत थांबतो, आणि माझं ते चरफडणं कुकर ओट्यावर ठेवण्याच्या आवाजावरून तिला कळतं.