धारपांचे पुनर्वाचन

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कादंबऱ्यांमुळे मराठीतल्या कितीतरी वाचकांची भयकथेशी पहिली ओळख झाली. ‘लुचाई’ ही त्यांतली गाजलेली कादंबरी. स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’चा आधार घेऊन धारपांनी ती मराठी मातीत रुजवली. शाळकरी वयात पांघरुणात शिरून वाचलेले असे पुस्तक पुढे वाशी-नेरुळच्या लखलखाटात पुन्हा उघडले, की दचकणे कमी होते. शेवट ठाऊक असल्याने लक्ष रचनेकडे जाते. आधी ओळखीची माणसे आणि रोजचे व्यवहार येतात. मग काहीतरी खटकू लागते आणि सगळेच तिकडे काणाडोळा करतात. संकट बळावते ते त्या काणाडोळ्यामुळे. पहिल्या वाचनात भुताचे भय वाटते, दुसऱ्या वाचनात माणसाच्या गाफीलपणाचे.