पन्हळ की माळीण?

अंगणवाडी सेविकेला पुस्तिका, तक्ते, खेळणी द्यावीत, हे कुणी नाकारत नाही. प्रश्न त्याखालचा आहे: ज्ञान बाहेरून ओतायचे असते, की आतून उमलू द्यायचे? ओतायचे असेल तर सेविका नुसती पन्हळ ठरते; उमलू द्यायचे असेल तर ती माळीण, आणि माळणीला विचार करावाच लागतो. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, ही दुसरी वाट धरली. आजच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या कातकरी-ठाकूर वाड्यांत ती आजही खरी ठरते. मूठभर चिंचोके जमिनीवर पसरले की मूल लहान-मोठे निवडते, पाचपाचाचे ढीग लावते, एक कमी पडला की शोधते. त्यातले गणित ओळखायला नजर लागते, आणि मुलाच्या बोलीतला शब्द चूक न मानायला मोठे मन. हे छापील पानातून येत नाही; शेजारी बसून पाहणाऱ्या पर्यवेक्षिकेशी आणि इतर सेविकांशी बोलण्यातून येते.

आक्षेप येईल: ठरीव अभ्यासक्रम नसेल तर वाडीतले मूल मागे पडेल. रास्त आहे; म्हणून अभ्यासक्रम टाकायचा नाही, काठीसारखा आधाराला घ्यायचा. दुसरा आक्षेप, आहार आणि नोंदींतून सेविकेला विचाराला वेळ कुठला? पण हा तिचा दोष नव्हे, तिला पन्हळ मानल्याची खूण आहे. जिच्या विचाराला आपण किंमत देत नाही, तिने मुलाच्या विचाराला द्यावी, ही अपेक्षा न्यायाची नाही.