चित्रकाराचा हात आणि पाचवी प्रतिज्ञा



समजा, तुमच्या घरात एक मुलगा आहे. त्याचा हात चित्रकलेत चांगला चालतो. १४ एप्रिलला शाळेच्या फळ्यावर बाबासाहेबांचे चित्र तोच काढतो. मालवणच्या बंदरात होड्यांवर नावे रंगवून त्याने चार पैसेही मिळवलेले आहेत. अशा मुलाला सावंतवाडीला एखाद्या कारागिराकडे गंजिफा रंगवण्याचे काम मिळते. घरात आनंद होतो. आणि आठ दिवसांनी मुलगा घरी येऊन विचारतो, "आई, उद्या नवव्या रंगाची पाने करायची आहेत. त्यांवर बुद्ध आहे, विष्णूचा नववा अवतार म्हणून. मी काय करू?"

तुम्ही काय उत्तर द्याल? हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. खेळातले पत्ते ते काय आणि त्यावरून धम्माचा काथ्याकूट कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु दीक्षा घेतलेल्या कुटुंबाची परीक्षा व्यासपीठावर होत नाही, ती अशाच ठिकाणी होते. तेव्हा आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

गंजिफा म्हणजे गोल आकाराचे, हाताने रंगवलेले पत्ते. मोगल काळात हा खेळ हिंदुस्थानात रुजला आणि पुढे दशावतारांच्या रूपाने इथलाच झाला. सावंतवाडीची चितारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली. पानाला चिंचोक्याची खळ द्यायची, घोटून गुळगुळीत करायचे, बारीक कुंचल्याने चित्र काढायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. छापील बावन्न पत्ते स्वस्त झाले तशी ही कला मरणाला टेकली. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि १९७१ साली राजवाड्यातच लाखकामाचे केंद्र सुरू केले, म्हणून ती आज जिवंत आहे. दशावतारी संचात दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू, अशी प्रत्येकाची खूण. कृष्णानंतर आणि कल्कीच्या आधी नववा रंग येतो, तो बुद्धाचा.

आता प्रतिज्ञा पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिल्या तीन देवांना न मानण्याच्या आणि त्यांची उपासना न करण्याच्या आहेत. चौथीत अवतारकल्पना नाकारली आहे. पाचवी खास आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवणे तिने नुसते अमान्य केलेले नाही, तर तो अपप्रचार आहे असे स्पष्ट सांगितले आहे. यांत चित्र काढण्याची मनाई कोठेही नाही. सम्यक आजीविकेच्या बाबतीत तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले ते शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. (मालवण किनाऱ्यावर यांतला तिसरा काढला की रात्रभर वाद चालेल, तो पुन्हा कधी तरी.) रंगाचा व्यापार त्यांत नाही. म्हणून केवळ प्रतिज्ञेचे शब्द पुढे करून मुलाला "काम सोड" म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे उत्तर नाही.

खरा प्रश्न निराळा आहे. चित्रकाराचा हात चालतो तो कोणाच्या बळावर?

कोकणात याला ठरीव उत्तर आहे: देवाची कृपा. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी जाऊन पाहा. तिथल्या ठाकर आदिवासींनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या हे तीन प्रकार टिकवून ठेवले आहेत. चित्रकथी म्हणजे कागदावरच्या चित्रांची पोथी. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची, एकेक पान उभे धरायचे आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. सावंतवाडीच्या राजांनी त्यांना आश्रय दिला आणि देवळांतून त्यांचे कार्यक्रम होत. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे २००६ मध्ये संग्रहालय केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या पोथ्यांतली बाणदार नाकांची, मोठ्या डोळ्यांची माणसे पाहिली की कोणीही थबकेल. आपणही थबकावे, त्यात कमीपणा नाही.

परंतु त्या रेषेत देवाचा हात किती आणि ठाकरांचा किती, हे तपासून पाहावे. बापाने मुलाचा हात धरून कुंचला फिरवला. अर्धपोटी राहून पोथ्या पावसापासून जपल्या. समोर बसलेल्या माणसांचे डोळे मिटू लागले की गाणाऱ्याने आवाज चढवला आणि चित्र काढणाऱ्याने पुढच्या पोथीत राक्षस अधिक भयंकर केला. प्रेरणा म्हणतात ती हीच. आणि देवळात ही पोथी उघडत असे तेव्हा आपले आजे-पणजे आवाराबाहेर उभे होते, हेही विसरू नये. मेलेले ढोर ओढणारा विटाळाचा ठरला आणि चामड्यातून कोरलेला राम मात्र देवळात गेला! हा विटाळ कातड्याला नव्हता, माणसाला होता. गावऱ्हाटीतली ती कामे आपण टाकली ती याच समजुतीने.

चित्रकारासंबंधी तथागतांनी जे सांगितले आहे ते आपल्या लोकांत फारसे वाचले जात नाही. संयुत्त निकायात भिक्खूंना ते 'चरण' नावाच्या एका चित्राची आठवण देतात. जुन्या टीकेनुसार हे लोकांत फिरवून दाखवायचे चित्र होते, कर्माची फळे कोणती मिळतात ते दाखवणारे. म्हणजे आपल्या चित्रकथीचाच पूर्वज म्हणा. असे चित्र कोणी काढले? चित्ताने काढले, असे तथागत म्हणतात, आणि चित्त त्या चित्राहूनही विविध आहे. पालीत चित्र आणि चित्त या दोहोंना एकच शब्द आहे, त्यामुळे त्या वाक्याची गोडी भाषांतरात उतरत नाही. पुढे दृष्टांत येतो तो रंगाऱ्याचा. लाख, हळद, नीळ आणि मंजिष्ठ घेऊन तो घोटलेल्या फळीवर, भिंतीवर किंवा कापडावर स्त्रीची वा पुरुषाची आकृती उभी करतो. लाख आणि घोटलेली फळी! सावंतवाडीच्या कारागिराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या दृष्टांतात कोणी देव येऊन रंगाऱ्याच्या हातात बसत नाही.

असे असेल तर जबाबदारीही चित्ताचीच. देवाने काढून घेतले म्हणणारा चित्रकार त्या चित्राच्या खरेखोटेपणातून मोकळा होतो. आपला मुलगा तसा मोकळा होऊ शकत नाही.

माझे मत सांगतो. मासा, कासव, डुक्कर, सिंहमुखी माणूस ही पुराणातली पात्रे आहेत. ती कथा म्हणून रंगवली, तिची पूजा केली नाही, तर शील मोडत नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात षड्दंत हत्तीची कथा रंगवणाऱ्याने सहा सुळ्यांचा हत्ती पाहिलेला नव्हता. नवव्या रंगाचे तसे नाही. तिथे लुंबिनीला जन्मलेल्या, पंचेचाळीस वर्षे पायी हिंडून शिकवणाऱ्या एका खऱ्या माणसाविषयी विधान केलेले आहे, आणि ते असत्य आहे. हे असत्य गौरवाचेही नाही. भागवतात हा अवतार कशासाठी? देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी. ज्याने माणसाला जागे केले त्याला भुलवणारा ठरवले. महाराष्ट्रात तर नवव्या जागी बुद्ध असे नाव घालून विठ्ठल काढण्याची रीतही जुनी आहे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठ्ठल हा मुळात बुद्धच, असे सांगितले होते. त्यांचा रोख नेमका उलटा होता, हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, नवव्या रंगाच्या बारा पानांपैकी दहांवर तर नुसती खूण असते. ती काढण्यात कसले असत्य? बरोबर आहे. असत्य त्या खुणेत नाही, ते क्रमात आहे: आठवा, मग नववा, मग दहावा. म्हणून फक्त राजाचे पान टाळून बाकीची रंगवणे ही पळवाट झाली. मुसावादापासून दूर राहण्याचे शील तोंडापुरते नाही, हाताने केलेले विधानही त्यात येते. मुलाने ती बारा पाने करू नयेत आणि का करीत नाही ते मालकाला नम्रपणे, न चिडता सांगावे.

पण मग १२० मधून १२ गेली की उरतात १०८, आणि असा मोडका संच कोणी घेत नाही. मालक म्हणेल, दुसरा कारागीर बघतो. मुलाची मजुरी बुडेल. इथे आपल्या समाजाची खरी लाज आहे. मुलाने नकार दिला की विहारात त्याचे कौतुक होईल, टाळ्या पडतील, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरात चूल पेटली की नाही हे विचारायला कोणी जाणार नाही. अशा टाळ्यांपेक्षा त्याच्याकडून काम घेतलेले बरे. त्याच कारागिरीत अवतार नसलेला आठ रंगांचा ९६ पानांचा मोगली संच होतो, बावन्न पत्त्यांचाही होतो. लाखेचे पाट, डबे, चौक्या होतात. लग्नात आहेर म्हणून आपण शहरातून प्लास्टिकची बुद्धमूर्ती आणतो. त्याऐवजी सावंतवाडीचा लाखेचा डबा दिला तर काय बिघडते? आणि मजुरीअभावी एखाद्याने ती बारा पाने रंगवलीच, तर त्याला वाळीत टाकण्याचा अधिकार आपणाला नाही. वाळीत टाकणे ही ज्यांची विद्या होती ती त्यांच्याकडेच राहू द्यावी.

दुसऱ्याच्या पत्त्यांकडे बोट दाखवताना आपल्या भिंतीही पाहाव्यात. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर नवस बोलणारी घरे मला ठाऊक आहेत. बाबासाहेबांनी उतारवयात चित्रकला शिकायला घेतली होती. त्यांच्या हातचे म्हणून सांगितले जाणारे, उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र आज अनेक घरांत लावलेले असते. त्या उघड्या डोळ्यांखाली मागणे मागायचे म्हणजे चित्र टांगले, पाहिले मात्र नाही. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य रंगवला. तो दिवाणखान्यात लावायला आपल्यातल्या सुशिक्षितांचे हात अडखळतात. पाहुणे काय म्हणतील!

मुलाने मग काढावे काय, हे तो विचारील. गृहत्यागाचे चित्र आपल्याकडे छापून येते त्यात म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी असतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा पटत नाही म्हणून बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता, हे कसे मानायचे? त्यांनी पुढे आणले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरचे शाक्य आणि कोलीय यांचे भांडण. संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला आणि देशत्याग पत्करला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसाला पाण्याची ही कथा का भावली असेल हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. तीस-चाळीस पानांची एक पोथी यावर सहज होईल. पिंगुळीच्या कलावंतांनीही आपल्या बाहुल्या समाजप्रबोधनाच्या विषयांसाठी नाचवल्या आहेत. त्यांच्याकडे शिकायला जावे, जात विचारू नये आणि सांगायला लाजू नये. पहिले पान आटलेल्या नदीचे हवे, दोन्ही काठांवर कुदळी घेतलेली माणसे आणि मध्ये एकच पाट. वायंगणी भाताच्या पाण्यावरून झालेली भांडणे आपल्या मुलांनी पाहिलेली आहेत. नमुन्यासाठी त्याला लांब जावे लागणार नाही.