खर्रा आणि पाहुणचार

आठवडी बाजारात माणूस काय काय पारखून घेतो! वांगं उलटून देठ पाहतो, सुकी मासोळी नाकाजवळ नेतो, तांदळाचा दाणा दाताखाली धरतो. काटा जरा झुकला तर भांडायला उठतो. पण त्याच बाजारात खर्र्याची पन्नी पुढे आली की काही न पाहता चिमूट तोंडात. काऊन? कारण ती पन्नी बहुतेक वेळा दुसऱ्यानं पुढे केलेली असते. दिलेल्या वस्तूची पारख करणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात.

सिंदेवाही घ्या, आरमोरी घ्या, चामोर्शी घ्या. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटणारा पोरगा दिसणारच. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. गुटखा राज्यात 2012 पासून बंद, पुढे सुगंधी तंबाखूही बंद. 2016 पासून 'मुक्तिपथ'ची माणसं गडचिरोलीत गावोगाव दारू-तंबाखूविरुद्ध काम करतात. तरी खर्रा आहेच. दुकानावर धाड टाकता येते, पाहुणचारावर कशी टाकणार?

माझ्या ओळखीचा एक शेतकरी तोंडाच्या कॅन्सरनं गेला. आधी तिखट लागेना, मग तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. शेवटी चमच्यानं पेज. त्याच्या तेरवीला गेलो, तर जेवण झाल्यावर ताटात खर्र्याच्या पन्न्या फिरल्या. पोरगा म्हणाला, "घ्या ना जी, बाबाले लय आवडे." मी घेतला नाही. त्याचं तोंड उतरलं. बाजूचा म्हातारा पुटपुटला, "मेल्या माणसाचा तरी मान ठेवाव."

मान म्हणजे काय, हाच खरा प्रश्न आहे. पोराच्या मनात पाप नव्हतं. बापाची आवड तो वाटत होता. पण देणाऱ्याचं मन चांगलं म्हणून दिलेली वस्तू चांगली होत नाही. युरियाची चिमूट प्रेमानं भाजीत टाकली तर ती मीठ होते का?

कोणी म्हणतील, पानसुपारी तर पूर्वीपासून आहे. आहे. पण पन्नीत घोटलेला खर्रा आजोबांच्या वेळी नव्हता, पन्नीच नव्हती. आणि जुनं म्हणून निर्दोष असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 साली नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणारी ठरवलं. म्हणजे तंबाखू काढून टाकली तरी सुटका नाही.

मग दोष कोणाचा? घोटणारा पोरगा भूमिहीन. त्याची चूल त्यावर पेटते. खाणाऱ्याला सवय सोडवत नाही. दोघांच्या मधात आपण देणारे. आपल्याला त्यातून पैसा नाही की नशा नाही, फक्त चांगुलपणा मिळतो. म्हणून सोडणं आपल्यालाच सर्वात सोपं, आणि म्हणून आधी जबाबदारीही आपलीच.

पण नुसतं 'नाही' म्हणून हात आखडला तर माणूस दुखावतो. आलेल्याच्या हातावर काहीतरी ठेवावंच लागते. आपल्या जंगलात का कमी आहे? उन्हाळ्यात टेंभरं आहेत, चारं आहेत, घरी भाजलेले मोहफुलं आहेत, फुटाणे तर बाराही महिने. त्या तेरवीनंतर महिन्याभरानं मी त्या पोराकडे टेंभरं घेऊन गेलो. त्यानं घेतली. नंतर खिशातली पन्नी काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे न करता एकट्यानंच खाल्ली.

एवढंच झालं. त्याचा खर्रा सुटला नाही. पण त्या दिवशी त्यानं तो दुसऱ्याला दिला नाही.